लोकांचे हात आणि लोकांचे मत

शासकीय परिपत्रकांत गेल्या काही दशकांत जे शब्द सर्वाधिक झिजले, त्यांत 'लोकसहभाग' हा शब्द अग्रभागी येईल. योजना पाण्याची असो, स्वच्छतेची असो वा वृक्षारोपणाची. तिच्या मार्गदर्शक सूचनांत कुठेतरी 'सदर योजना लोकसहभागातून राबविण्यात यावी' हे वाक्य असतेच. जिल्ह्याच्या आढावा बैठकांना नगरपरिषदांचे मुख्याधिकारी आपापले तक्ते घेऊन येत, तेव्हा त्यांतला लोकसहभागाचा रकाना मी मुद्दाम वाचत असे. किती नागरिकांनी श्रमदान केले, किती शाळांच्या प्रभातफेऱ्या निघाल्या, किती वर्गणी जमली, किती ट्रॉली कचरा उचलला गेला, असे आकडे त्यात असत. एक गोष्ट मात्र कोणत्याही तक्त्यात दिसली नाही. नागरिकांच्या सांगण्यावरून नगरपरिषदेचा कोणता निर्णय बदलला, हे कोणी लिहिलेले नसे. तसा रकानाच नव्हता.

माझे म्हणणे साधे आहे. लहान शहरांतील रहिवाशांकडे आपण त्यांचे हात मागतो, त्यांचे मत मागत नाही. आणि ज्याचे मत कोणी विचारत नाही, त्याचे हातही फार दिवस राबत नाहीत. पहिल्या रविवारी झाडू घेऊन आलेली गर्दी चौथ्या रविवारी विरळ होते, तेव्हा 'लोकांना आपल्या गावाचे काही पडलेले नाही' असा निष्कर्ष आपण काढतो. प्रशासनाच्या दृष्टीने हा निष्कर्ष सोयीचा आहे. तो खरा आहे का, हे तपासायला हवे.

त्यासाठी आधी लहान शहराचे आपल्या राज्यघटनेतील स्थान पाहावे लागेल. डिसेंबर १९९२ मध्ये संसदेने दोन घटनादुरुस्त्या संमत केल्या. त्र्याहत्तरावी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि तिने खेड्याच्या ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. गावाच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक माणूस या सभेचा सदस्य. त्यासाठी निवडून यावे लागत नाही की कोणाची चिठ्ठी आणावी लागत नाही. चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तिच्यातील कलम २४३-एस प्रमाणे तीन लाख वा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या स्थापन करणे बंधनकारक झाले. आता या दोहोंच्या मधला प्रदेश पाहा. जे गाव खेडे राहिलेले नाही आणि ज्याची वस्ती तीन लाखांना पोहोचलेली नाही, तेथील रहिवाशांनी एकत्र बसून आपले म्हणणे कोठे मांडावे, याविषयी घटनेत बंधनकारक असे काही नाही. ते राज्यांच्या मर्जीवर सोडलेले आहे.

हा मधला प्रदेश लहान नाही. २०११ च्या जनगणनेत देशात कायद्याने नगरपालिका, नगरपंचायत वगैरे दर्जा मिळालेली ४,०४१ शहरे होती. एक लाखाहून अधिक वस्तीची शहरे, त्यांचे नागरी समूह धरून, होती ४६८. म्हणजे शहर म्हटल्यावर मुंबई-बंगळूर डोळ्यांसमोर येत असले, तरी भारतातील बहुसंख्य शहरे ही आठवडी बाजाराची, एका बसस्थानकाची गावे आहेत.

महाराष्ट्रात या विसंगतीचे एक टोकाचे रूप पाहायला मिळाले. २०१४ नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे मोठ्या संख्येने नगरपंचायतींत रूपांतर झाले. गावाला बढती मिळाली, असेच सर्वांनी मानले. पण ज्या दिवशी नगरपंचायतीची पाटी लागली, त्याच दिवशी त्या गावच्या लोकांची ग्रामसभा गेली. कालपर्यंत ज्या शेतमजूर बाईला सभेत उभे राहून सरपंचाला प्रश्न विचारण्याचा अधिकार होता, ती आता पाच वर्षांतून एकदा मत देणारी मतदार आणि उरलेल्या काळात करदाती झाली. ग्रामसभा कित्येक गावी कागदावरच भरत होती, हे मला ठाऊक आहे. तरीही कागदावरचा अधिकार मागता तरी येतो. जो कागदावरच नाही, तो मागायचा कसा?

स्थानिक स्वराज्य संस्थांचा उद्देश मुळात वेगळा सांगितला गेला होता. लॉर्ड रिपनच्या १८ मे १८८२ च्या ठरावात, कारभार सुधारावा यापेक्षा लोकांना राजकीय आणि सार्वजनिक शिक्षण मिळावे, हे या संस्थांचे मुख्य प्रयोजन म्हणून मांडलेले आहे. परकीय सत्तेच्या त्या ठरावाकडे कितीही संशयाने पाहिले, तरी एक प्रश्न त्यातून उरतोच. आपली नगरपरिषद नागरिकाला काय शिकवते? बहुतेक ठिकाणी ती त्याला अर्ज करायला, रांगेत उभे राहायला आणि ओळखीचा नगरसेवक शोधायला शिकवते.

यात पैशाच्या वाटेचाही भाग आहे. १९९९ साली महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात रद्द झाली आणि तिच्या जागी शासनाचे अनुदान आले. जकात नाक्यांवरचा त्रास आणि गैरप्रकार पाहता त्या निर्णयाला कारणे होती. परंतु उत्पन्नाचा मोठा भाग वरून येऊ लागला की मानही वरच्या दिशेने वळते. मंत्रालयातील कोणत्या कक्षात फाईल अडली आहे, हे नगरपरिषदेत अचूक ठाऊक असते. कोणत्या गल्लीत पाणी चढत नाही, हे तितके अचूक ठाऊक असेलच असे नाही. ज्याचा पैसा त्याला हिशेब, हा व्यवहाराचा नियम येथेही लागू आहे. अंदाजपत्रकात लोकांचा वाटा लहान दिसू लागला, की लोकांना हिशेब देण्याची निकडही कमी होते.

आणि मग अलीकडचा अनुभव. महाराष्ट्रातील बहुसंख्य नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली. घटनेच्या कलम २४३-यू प्रमाणे मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हायला हवी. पण आरक्षणाचे प्रश्न न्यायालयात होते, आणि निवडणुका अखेर डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधली वर्षे प्रशासक हेच सभागृह होते. ठराव मांडणारा आणि तो संमत करणारा अधिकारी एकच. प्रशासनातील माणूस म्हणून मी सांगू शकतो की कामाच्या दृष्टीने असा काळ सुटसुटीत असतो. सभा तहकूब होत नाही, विषय अडत नाही. पण त्या वर्षांत लहान गावांत फिरताना एक गोष्ट जाणवे. सभागृह नसल्याची तक्रार माजी नगरसेवक आणि इच्छुक करीत. सामान्य रहिवासी फारशी करीत नसत. सभागृह असतानाही ते आपले वाटत नसेल, तर त्याचे नसणे कशाला जाणवेल?

रहिवासी गप्प का राहतात, याची कारणे आळसात किंवा स्वार्थात शोधण्याआधी लहान शहराच्या रचनेत शोधावीत. मोठ्या शहरात तक्रारदार अनामिक असतो. लहान गावात तक्रारीला नाव, आडनाव, दुकान आणि नातेवाईक असतात. ज्याचे दुकान नगरपरिषदेच्या गाळ्यात आहे, तो भाडेकरार डोळ्यांसमोर ठेवूनच बोलतो. ज्याचा बांधकाम परवाना अडकला आहे, तो नालीच्या दर्जाविषयी प्रश्न विचारीत नाही. नगरसेवक हा कोणी परका नसतो. तो वर्गमित्र असतो, घरच्या लग्नात आहेर घेऊन आलेला असतो. त्याच्या कामाविषयी सभेत उभे राहून विचारणे म्हणजे संबंध तोडणे, असा अर्थ निघतो. जी ओळख लहान गावाचे बळ आहे, तीच त्याच्या तोंडावरचे कुलूपही होते.

त्यात आपण प्रशासनाने आणखी दोन कुलुपे लावली आहेत. एक वेळेचे आणि दुसरे भाषेचे. नागरिकांची सभा सकाळी अकराला नगरपरिषदेच्या सभागृहात बोलावली, तर मजुरी करणारा, दुकान उघडणारा, शाळेत शिकवणारा माणूस येणार कसा? आणि विकास योजनेवरील हरकतींची जाहीर सूचना एकदा वाचून पाहावी. सर्व्हे क्रमांक, कलम, पोटकलम आणि 'तरी सर्व संबंधितांनी विहित मुदतीत' असे शब्द. ज्याच्या घरावरून रस्ता जाणार आहे, त्यालाही ती सूचना आपल्याविषयी आहे हे कळत नाही. मुदत संपते, 'हरकत प्राप्त नाही' अशी नोंद होते, आणि भिंतीवर मोजणीच्या खुणा उमटल्या की मोर्चा निघतो. मग आम्ही म्हणतो, लोक वेळेवर बोलत नाहीत.

एका तालुक्याच्या गावी पाहिलेला प्रसंग येथे सांगावासा वाटतो. उन्हाळ्याचे दिवस होते आणि पाणी दिवसाआड येत होते. नगरपरिषदेने 'शहराच्या विकासाबाबत नागरिकांच्या अपेक्षा' या विषयावर सभा बोलावली. सभागृहात दोन पक्षांचे कार्यकर्ते, काही ठेकेदार आणि मोजके सेवानिवृत्त गृहस्थ आले. नाट्यगृह, उद्यान, प्रवेशद्वाराची कमान यांवर भाषणे झाली. पाण्याविषयी कोणी बोलले नाही, आणि एकही बाई आलेली नव्हती. तेथील मुख्याधिकारी तरुण होत्या. पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्हमन त्यांना सहज म्हणाला, 'मॅडम, बाया मला रोज रस्त्यात अडवतात. वेळ बदला म्हणतात.' त्यांनी पुढची बैठक त्याच आठवड्यात, संध्याकाळी, एका वस्तीतल्या शाळेच्या पटांगणात घेतली आणि विषय एवढाच ठेवला: तुमच्या भागात पाणी किती वाजता सोडावे?

पटांगण भरले. शेतमजुरीला जाणाऱ्या बायका सातला घर सोडत आणि पाणी आठला येई. त्यामुळे पाणी भरण्यासाठी घरातल्या मुलीला शाळा बुडवून थांबावे लागे. ही गोष्ट नगरपरिषदेच्या कोणत्याही नोंदीत नव्हती. वरच्या आळीतल्या बायकांचे म्हणणे निराळे होते. खालच्या आळीचे नळ बंद झाल्याशिवाय त्यांच्याकडे दाब येत नव्हता. दोन्हीकडून आवाज चढले. अखेर मार्ग त्यांनीच काढला. दोन्ही आळ्यांच्या पाळ्यांची अदलाबदल करावी आणि खालच्यांनी ठरल्या वेळी मोटारी बंद ठेवाव्यात. व्हॉल्व्हमन म्हणाला, यात काहीच अडचण नाही. एक रुपयाही खर्च आला नाही. त्यानंतरच्या बैठकीत वेळेचा विषय निघालाच नाही. एका बाईने विचारले, चौकातली गळती दरवर्षी दुरुस्त होते, तर तिच्यावर आजवर किती पैसे गेले?

लोकसहभागाचा मुख्य धडा मला या घटनेत दिसतो. 'गावाचा विकास कसा व्हावा' असे विचारले की भाषणे होतात, कारण या प्रश्नाला काहीही उत्तर दिले तरी काही बदलणार नाही, हे लोक जाणतात. 'तुमचे पाणी किती वाजता' असे विचारले की माणसे येतात, कारण त्यांच्या उत्तरावर उद्याची सकाळ अवलंबून असते. आपल्या सांगण्याने काही हलते असा अनुभव एकदा आला, की माणूस वेळेवरून हिशेबावर येतो. आधी हिशेबाच्या सभेला या, असे म्हणून तो येत नाही.

अधिकार आणि त्याचा वापर यांतील अंतर किती मोठे असू शकते, हे महाराष्ट्रातल्याच एका लहान शहराने फार कठोरपणे दाखवून दिले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने संमत केला. त्याला अनुसरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव स्पष्ट होता. पण पुढची तीन वर्षे अस्पृश्य समाजाला चवदार तळ्याचे पाणी घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर चालत गेली आणि पाणी प्यायली, तेव्हा त्या ठरावाला प्रथम अर्थ आला. त्याची किंमत त्यांनी मार खाऊन मोजली. पुढे ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला, आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागेपर्यंत वाद चालला. नगरपालिकेचा ठराव म्हणजे काय, तो कोणासाठी असतो आणि कोणाच्या दबावाने रद्द होतो, याचा विचार करणाऱ्याने महाडची ही तेरा वर्षे जरूर अभ्यासावीत. नाली आणि नळ यांच्या प्रश्नांची तुलना त्या लढ्याशी होऊ शकत नाही. पण ठराव कागदावरून उतरण्यासाठी ज्यांच्यासाठी तो केला त्यांना पाऊल उचलावे लागते, हे त्यातून शिकता येते.

मधल्या प्रदेशातील पोकळी भरून काढता येते, हे काही राज्यांनी दाखवले आहे. केरळच्या १९९४ च्या नगरपालिका कायद्यात एक लाखापर्यंत वस्ती असलेल्या शहरांसाठी वॉर्डसभेची तरतूद आहे. म्हणजे ग्रामसभेसारखीच, त्या वॉर्डातील सर्व मतदारांची सभा. पश्चिम बंगालच्या १९९३ च्या कायद्यात प्रत्येक वॉर्डासाठी समितीची तरतूद आहे. केंद्र शासनाने डिसेंबर २००५ मध्ये सुरू केलेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात लोकसहभागाचा कायदा करणे ही राज्यांसाठी एक अट होती आणि मतदान केंद्राच्या पातळीवर क्षेत्रसभा असाव्यात, अशी कल्पना नमुना विधेयकात होती. महाराष्ट्रानेही २००९ मध्ये महानगरपालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभा आणली. ती किती ठिकाणी भरली, हे मोठ्या शहरांच्या वाचकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावे. निधी मिळवण्याची अट म्हणून केलेला कायदा आणि लोकांनी मागून घेतलेला कायदा यांत फरक पडतोच.

केरळमध्ये तरतूद तुलनेने जिवंत राहिली, यालाही कारण आहे. ऑगस्ट १९९६ मध्ये तेथे लोकनियोजन मोहीम सुरू झाली, तेव्हा राज्याच्या योजना खर्चापैकी ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे सोपवण्याचा निर्णय आधी झाला. सभेत ठरवायला काही होते, म्हणून लोक सभेला आले. रिकाम्या तिजोरीपुढे सभा भरवून उपयोग नसतो.

त्याच राज्यातील आलप्पुळाचे उदाहरण आणखी वेगळे आहे. २०११ मध्ये सुमारे पावणेदोन लाख वस्तीचे हे शहर आपला कचरा शेजारच्या सर्वोदयपुरम येथे नेऊन टाकीत असे. तेथील रहिवाशांनी विरोध करून गाड्या अडवल्या आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले. कोणत्याही प्रशासनाला प्रथम सुचतो तो उपाय म्हणजे दुसरी जागा शोधणे किंवा पोलिस बंदोबस्त. आलप्पुळाने २०१२ च्या अखेरीस घराघरांत आणि वस्तीवस्तीत कचरा जिरवण्याची मोहीम सुरू केली. पाइप कंपोस्ट, बायोगॅस संयंत्रे आणि सार्वजनिक खतटाक्या उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या शहराची दखल घेतली. मला यातील महत्त्वाची गोष्ट वाटते ती सर्वोदयपुरमच्या लोकांचा नकार. तोही लोकसहभागच होता. लोक 'हो' म्हणतात तोवर त्यांना सहभागी मानायचे आणि 'नाही' म्हणाले की अडथळा मानायचे, ही सवय प्रशासनाने सोडली पाहिजे. लहान शहरानेही असे करून दाखवले आहे. २०११ च्या जनगणनेत जेमतेम बारा हजारांची वस्ती असलेल्या वेंगुर्ल्यात घराघरांतून वेगवेगळा केलेला कचरा घेण्याची शिस्त लागली आणि जुन्या कचराडेपोचे रूप पालटले. तेथे हात आणि मत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

हिशेबाच्या प्रश्नावर तर साऱ्या देशाने एका लहान शहराचे ऋणी असावे. राजस्थानातील ब्यावर, तेव्हाच्या अजमेर जिल्ह्यातील व्यापारी पेठेचे गाव. एप्रिल १९९६ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने तेथे चाळीस दिवस धरणे धरले. मागणी एवढीच होती की गावात झालेल्या कामांच्या हजेरीपटांच्या आणि बिलांच्या प्रती द्याव्यात. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा देणारे बहुतेक खेड्यांतले मजूर होते. पण त्यांना धान्य, भाजीपाला आणि पाठिंबा ब्यावरच्या रहिवाशांनीही दिला. त्या मागणीचा प्रवास १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झालेल्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यापर्यंत झाला. आज त्या कायद्याने नागरिकाला कागदाची प्रतच नव्हे, तर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा नमुना घेण्याचाही अधिकार आहे. आपल्या गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याच्या बाबतीत तो किती जणांनी वापरला असेल?

लोकसहभागावर घेतले जाणारे आक्षेप मी अधिकाऱ्यांच्या विश्रामगृहांतील गप्पांत पुष्कळ ऐकले आहेत आणि ते सगळेच टाकाऊ नाहीत. लोकांना तांत्रिक बाबी कळत नाहीत, हा पहिला. जलवाहिनीचा व्यास अभियंत्यानेच ठरवावा, हे मान्य आहे. पण नळ केव्हा सुटावा, सार्वजनिक शौचालय कोठे असावे, मिळालेल्या दहा लाखांतून आधी काय करावे, या प्रश्नांचे तज्ज्ञ तेथले रहिवासी आहेत. दुसरा आक्षेप असा की सभा मोठ्या आवाजाच्या चार माणसांच्या ताब्यात जाते. हा धोका खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे सभेचा परीघ लहान ठेवणे, वेळ बदलत राहणे आणि लेखी चिठ्ठ्यांची सोय ठेवणे. बोलायला कचरणारा गाळेधारकही चिठ्ठी टाकू शकतो. तिसरा आक्षेप नगरसेवकांचा. लोकच ठरवू लागले तर आम्ही कशाला, असे ते विचारतात. केरळच्या वॉर्डसभेत त्या वॉर्डाचा सदस्यच जबाबदार असतो, हे त्यांना सांगावे. लोकांची सभा नगरपरिषदेची जागा घेत नाही. ज्या नगरसेवकाच्या मागे वॉर्डाने लिहून दिलेले म्हणणे आहे, त्याचा शब्द सभागृहात जड होतो.

नवीन कायद्याची वाट न पाहता, आहे त्या चौकटीत मुख्याधिकाऱ्याला बरेच काही करता येते. अंदाजपत्रक चार पानांत, सोप्या मराठीत छापून बसस्थानकावर, रेशन दुकानात आणि वाचनालयात लावता येते. हरकतींच्या सूचनेत सर्व्हे क्रमांकाशेजारी 'अमक्या शाळेपासून तमक्या ओढ्यापर्यंत' असे लिहिता येते. वॉर्डातील बैठक संध्याकाळी, एका वेळी एकाच प्रश्नावर घेता येते. तेथे जे सांगितले गेले त्याची नोंदवही ठेवून, पुढच्या बैठकीत आधीच्या प्रत्येक नोंदीचे काय झाले ते वाचून दाखवता येते. नाकारले असेल तर कारणासह. पुणे महानगरपालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून आपल्या भागातील लहान कामे अर्ज भरून मागवली, तसे लहान शहरातही छोट्या रकमेपासून सुरू करता येईल. आणि वसुली लिपिकाला विसरू नये. नगरपरिषदेत प्रत्येक घराची पायरी चढलेला तो बहुधा एकमेव माणूस असतो. कर का थकला हे त्याला ठाऊक असते, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

रहिवाशांकडूनही काही अपेक्षा आहेत. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा, ती खासगीत घेण्याचे विशेष कारण नसेल तर, नागरिकांना प्रेक्षक म्हणून खुली असते. वर्षातून एकदा तरी तेथे जाऊन बसावे. सभागृहाचे वर्तन कोणीतरी पाहत आहे, एवढ्यानेही बदलते. तक्रार एकट्याने करू नये. गल्लीतल्या दहा घरांनी मिळून सह्या केल्या की ती कोणाच्या आडनावाची राहत नाही. दहा विषय एकदा मांडण्यापेक्षा एक विषय वर्षभर लावून धरावा. आणि आपला कर वेळेवर भरावा. हिशेब मागणाऱ्याची स्वतःची पावती कोरी नसावी.

महाराष्ट्रात बऱ्याच काळानंतर नगरपरिषदांत पुन्हा निवडून आलेली सभागृहे बसली आहेत. नव्या सदस्यांना अजून सवयी जडलेल्या नाहीत आणि लोकांच्या आठवणीत आश्वासने ताजी आहेत. अशी वेळ पाच वर्षांतून एकदाच येते. अंदाजपत्रकाची विशेष सभा साधारणपणे फेब्रुवारीच्या सुमारास होते आणि तिची सूचना नगरपरिषदेच्या फलकावर लागते. आपल्या वॉर्डातल्या चार-पाच जणांनी मिळून तिच्या आधी एकदा अंदाजपत्रकाची प्रत मागावी. जमेच्या बाजूला आपला कर किती आणि अनुदान किती, खर्चाच्या बाजूला आस्थापना किती आणि आपल्या वॉर्डासाठी किती, एवढे चारच आकडे वहीत उतरवावेत. आकडा समजला नाही, तर लेखापालाला विचारावे. तो सांगेल, त्याला विचारणारे आजवर फारसे कोणी आलेले नसतात.